रानडुकराला मारायची परवानगी मिळते, पण बंदुकीचा नेम कोण तपासतो?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण शेवटपर्यंत वाचा. मी स्वतः लिहिलेल्या एका अर्ध्या बातमीची ही दुरुस्ती आहे.

गेल्या वर्षी ऐन भातकापणीत, ऑक्टोबरमध्ये, आमच्या तालुक्यात (सिंधुदुर्गात, गावाचं नाव मुद्दाम देत नाही) एका बाईंवर रानडुकराने हल्ला केला. गुरांसाठी गवत कापायला गेल्या होत्या. डुक्कर झुडपातून सरळ अंगावर आलं. मांडी फाटली, चौदा टाके पडले. मी ग्रामीण रुग्णालयात गेलो, नातेवाइकांशी बोललो, वनखात्याच्या पंचनाम्याची माहिती घेतली आणि तीन परिच्छेदांची बातमी पाठवून दिली. "रानडुकराच्या हल्ल्यात महिला गंभीर जखमी." अशा बातम्या मी वीस वर्षांत किती लिहिल्या असतील, मोजलेलं नाही.

दोन दिवसांनी सुभेदार काकांचा फोन आला. निवृत्त फौजी, वय सत्तरीच्या आसपास. आख्खा गाव त्यांना सुभेदारच म्हणतो.

"बातमी वाचलंय तुझी. अर्धी लिवलंस."

"म्हणजे?"

"त्या डुकराक माझी गोळी लागलेली. आदल्या दिवशी. घराकडे ये, दाखवतंय."

मी गेलो. काकांनी चहा दिला, मग कपाटातून रायफल काढली, रिकामी आहे हे दोनदा दाखवलं आणि टेबलावर ठेवली. इशापूरच्या सरकारी कारखान्याची जुनी .३१५. परवाना पक्का, नूतनीकरण वेळेवर. शेजाऱ्याच्या भातात डुकरांचा कळप रोज शिरत होता म्हणून वनखात्याची रीतसर लेखी परवानगीही घेतलेली. पहाटे साठेक मीटरवर डुक्कर दिसलं, खांद्यामागे नेम धरला, गोळी झाडली. डुक्कर बसलं, उठलं आणि रानात गेलं. रक्त दिसलं ते पोटाकडचं. काकांनी दोन तास माग काढला, वनखात्याला फोन केला, पण डुक्कर सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते त्या बाईंना सापडलं.

"माका वाटला, डोळे गेले माझे," काका म्हणाले. मग त्यांनी रायफलीवरच्या दुर्बिणीला हात लावला आणि बोटाने हळूच ढकललं. दुर्बीण हलली.

मित्रांनो, मी बंदूकवाला माणूस नाही. एनसीसीत .२२ ने पाच गोळ्या झाडल्यात, तेवढाच अनुभव. पण त्या दिवशी मला जे कळलं ते सांगतो, कारण या विषयावर विधानसभेपासून चावडीपर्यंत सगळे बोलतात आणि हा मुद्दा मात्र कोणीच काढत नाही.

दुर्बीण महागाची, कडी फुकटची

रायफलीवर दुर्बीण, म्हणजे स्कोप, थेट बसत नाही. रायफलीच्या अंगावर आधी एक पट्टी किंवा दोन ठोकळे बसतात, तो बेस. बेसवर दोन कड्या बसतात, त्या रिंगा. या रिंगा दुर्बिणीच्या नळीला धरून ठेवतात. म्हणजे माणसाचा डोळा आणि बंदुकीची नळी यांच्यातला सगळा हिशेब या दोन कड्या आणि सात-आठ स्क्रूंवर उभा असतो.

काकांच्या मुलाने ऑनलाइन दुर्बीण मागवली होती. चांगली होती म्हणे. रिंगा मात्र स्वस्तातल्या, वेगळ्या मागवलेल्या. दुर्बिणीची नळी एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटर. रिंगा आल्या ३० मिलिमीटरच्या. परत पाठवायच्या तर आठवडा जाणार आणि शेतात डुक्कर रोज येतंय. मग एका कारागिराने तोडगा काढला. सायकलच्या ट्यूबची पट्टी नळीभोवती गुंडाळली आणि वरून रिंगा आवळल्या. गच्च बसली! काकांनी तीन गोळ्या झाडून बघितल्या, बरोबर लागल्या. काडतुसं मोजकी, म्हणून चौथी झाडली नाही.

रबर ते रबरच. प्रत्येक गोळीला रायफल मागे धक्का देते, दुर्बीण जागच्या जागी राहू बघते आणि तो ताण येतो रिंगांवर. त्यात उन्हाळा, पावसाळा. रबर चेपलं, दुर्बीण सरकली. कोणाला कळलंही नाही, कारण दुर्बिणीतून बघताना फुलीची खूण तर अजूनही डुकराच्या खांद्यावरच दिसते. ती खोटं बोलतेय हे बघणाऱ्याला कसं कळणार?

हिशेब साधा आहे, दहावीच्या भूमितीचा. दोन रिंगांमध्ये अंतर समजा दहा सेंटीमीटर. त्यातली एक बाजू अर्धा मिलिमीटर सरकली, तर साठ मीटरवर गोळी एक फूट बाजूला जाते. डुकराचं काळीज-फुफ्फुस असतं तो भाग जेमतेम वीतभर. एक फूट चूक म्हणजे पोट, मागचा पाय, नाहीतर मागच्या बांधावरचं कोणीतरी.

मग रिंगा निवडायच्या कशा?

काका नंतर रायफल घेऊन कोल्हापूरला परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेले. (कुठल्याही गॅरेजात बंदुकीला हात लावून घेणं शस्त्र कायद्यात बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) सोबत लष्करात आर्मरर म्हणून नोकरी केलेला त्यांचा एक जुना दोस्त होता आणि मी होतो. त्या दोघांनी मला जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो. ज्यांच्याकडे परवान्याची रायफल आहे त्यांनी हे लिहून ठेवावं.

पहिलं, बेस त्या मॉडेलच्या रायफलीचाच हवा. रायफलीची पाठ कुठे गोल, कुठे सपाट, भोकं कुठे, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. काकांच्या जुन्या .३१५ वर लोखंडी माशीचा नेम होता, दुर्बिणीसाठी कारखान्यातून काही सोय नव्हती. अशा वेळी भोकं पाडायची तर ती नळीच्या रेषेत अचूक पडावी लागतात. भोक तिरकं गेलं की पुढचं सगळं तिरकं.

दुसरं, बेस आणि रिंगा एकाच जातीच्या हव्यात. वीव्हर आणि पिकाटिनी अशा दोन पद्धती जास्त चालतात. दोन्ही दिसायला सारख्याच, आडव्या खाचा असलेल्या पट्ट्या. पण खाचांची रुंदी आणि अंतर यात फरक असतो. वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर सहसा बसतात, उलटं जमेलच असं नाही. "बसतंय की!" म्हणून ठोकून बसवायचं नाही.

तिसरं, रिंगेचा व्यास दुर्बिणीच्या नळीएवढाच हवा. एक इंचाला एक इंच, तीसला तीस. मध्ये ट्यूब नाही, कागद नाही, इन्सुलेशन टेप तर नाहीच.

चौथी गोष्ट उंचीची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी. रिंगा बुटक्या, मध्यम, उंच अशा मिळतात. दुर्बीण पुढच्या तोंडाला जाड असते. ते तोंड नळीला टेकता कामा नये, दोन-तीन मिलिमीटर फट राहिली पाहिजे. आणि बोल्ट मागे ओढताना त्याची मूठ दुर्बिणीला अडता कामा नये. एवढं सांभाळून जितकी खाली बसेल तितकी बरी. उंच बसवली की गाल दस्त्यावर टेकत नाही, मान वर करून हवेत बघावं लागतं आणि दरवेळी डोळा वेगळ्या जागी येतो. डोळ्याची जागा बदलली की नेम बदलला.

पाचवं, डोळ्यापासूनचं अंतर. मोठ्या रायफलीला दुर्बिणीची मागची काच डोळ्यापासून साधारण तीन ते चार इंच लांब लागते. जवळ बसवली तर पहिल्याच धक्क्याला भुवई फुटते. भुवईवर अर्धचंद्राची खूण असलेले जुने शिकारी आमच्या भागात अजून आहेत, ती खूण कशाची ते मला परवा कळलं.

सहावं, स्क्रू. सगळा जोर लावून आवळणं म्हणजे मजबुती, असं आपल्याला वाटतं. रिंगेच्या स्क्रूला साधारण १५ ते २० इंच-पाउंड एवढाच ताण लागतो. दहा सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दोन किलोची पिशवी टांगली तर पडेल तेवढा. जास्त आवळलं की दुर्बिणीची नळी चेपते, आतली यंत्रणा अडकते. कमी आवळलं की सरकते. त्यासाठी मोजून आवळायचा पाना मिळतो. स्क्रू आधी तेल पुसून कोरडे करायचे, बेसच्या स्क्रूला पकड धरणारं औषध लावायचं आणि रिंगेच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. स्कूटरच्या चाकाचे नट आवळतात तसं.

सातवं, हे सगळं झाल्यावर रायफल झिरो करायची. म्हणजे टेकण देऊन कागदावर गोळ्या झाडायच्या, आधी जवळून, मग ठरलेल्या अंतरावरून, आणि गोळी जिथे लागते तिथे फुली आणायची. आणि रायफल पडली, आपटली, प्रवास झाला, स्क्रूला हात लावला, तर पुन्हा झिरो करायची.

सगळा खर्च? चांगला बेस आणि रिंगा म्हणून काकांनी जे पैसे मोजले ते दुर्बिणीच्या किमतीच्या चौथाईएवढेही नव्हते. त्या चौथाईत कंजुषी केली आणि एका बाईची मांडी फाटली. हे मी म्हणत नाही, काका स्वतः म्हणतात. त्यांनी त्या बाईंच्या घरी जाऊन सांगितलं, उपचाराचे पैसेही दिले. ही पोस्टही त्यांना वाचून दाखवूनच टाकतोय.

आता माझा मुद्दा

काकांची फाइल मी पाहिली. सातबारा आहे. शस्त्र परवान्याची प्रत आहे. नुकसानीचे फोटो आहेत. परवानगीचं पत्र आहे, त्यावर अटी आहेत. या सगळ्या कागदांत एक प्रश्न कुठेच नाही: ही बंदूक जिथे बघते तिथे मारते का?

वाहनाला पीयूसी लागतं. रेशन दुकानाच्या वजनकाट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो. एक किलो साखर बरोबर मोजली जाते की नाही हे सरकार तपासतं आणि जिवंत जनावरावर, माणसांच्या वस्तीजवळ, गोळी झाडणाऱ्या बंदुकीचा नेम तपासत नाही!

कायदा काय सांगतो ते थोडक्यात बघू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिकारीला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण कलम ११ खाली, जनावर माणसाला किंवा उभ्या पिकासकट मालमत्तेला धोकादायक झालं, तर अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे, तिथेही ही वाट खुली आहे. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता, मटणाची पंगत नाही. इथवर ठीक.

आता शस्त्र कायदा, १९५९ चा. पीक संरक्षणासाठी परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा, असं त्यात लिहिलंय. ती पुरेशी पडत नाही असं अधिकाऱ्याला वाटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. कोकणात घराघरात ज्या शेतीच्या बंदुका आहेत त्या बहुतेक याच. वरून दारू ठासायची, छरे किंवा गोळा भरायचा आणि वीस-पंचवीस पावलांवरून देवाचं नाव घेऊन घोडा ओढायचा. अशा बंदुकीवर जगातली सगळ्यात भारी दुर्बीण बसवली तरी उपयोग नाही, नळीला आतून आटेच नाहीत. म्हणजे ज्याच्याकडे शेतीची बंदूक आहे त्याला नेम नाही आणि ज्याच्याकडे नेम धरता येईल अशी रायफल आहे, त्याचा नेम तपासायला जागा नाही.

जागा नाही हे शब्दशः. आमच्या तालुक्यात सामान्य परवानाधारकाला पाच गोळ्या झाडून बघता येतील अशी एकही रेंज नाही. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली, वापरलेल्याचा हिशेब द्यायचा. रानात जाऊन कागदावर झाडाल तर गुन्हा दाखल होईल. मग माणूस काय करतो? डुकरावरच झिरो करतो.

आणि निवडणूक आली की बंदुका जमा. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्च ते जून, म्हणजे ऐन काजू-आंब्यात. विधानसभेची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऐन भातकापणीत. डुकरांना आचारसंहिता लागू होत नाही, हा आमच्याकडचा जुना विनोद. पण मला वेगळंच सांगायचंय. काकांची रायफल त्या वर्षी दोनदा जमा झाली. दोन्ही वेळा ती दुर्बिणीसकट, इतर बंदुकांबरोबर, कोपऱ्यात मोळीसारखी रचून ठेवलेली होती. परत मिळाली तेव्हा पावती तपासली, नंबर तपासला, सही घेतली. नेम हलला का, हे कोण बघणार? त्या पोलिसांना दोष देत नाही. तसं बघायला त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांच्या हातात रायफली द्यायच्यात का?"

ही कमेंट येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. नाही. मला एकही बंदूक वाढलेली नकोय. "डुक्कर समजून माणसावर गोळी" ही बातमीही मी लिहिलेली आहे, त्या घरी मयताला बसलेलो आहे. आहेत त्या बंदुका सरळ लागतात का ते बघा, एवढीच मागणी आहे. ज्या लागत नाहीत त्यांना परवानगी देऊ नका.

प्राणीप्रेमी मित्र म्हणतील, मारायचंच कशाला? कुंपण घाला. घालावंच, जिथे जमेल तिथे. पण आमचे वाफे डोंगरउतारावर, चार गुंठे इथे, सहा गुंठे तिथे, मध्ये दुसऱ्याची जमीन. सगळीकडे कुंपण परवडत नाही. मग लोक तारेत थेट वीज सोडतात आणि त्यात शेजारी मरतो. फासकी लावतात, त्यात बिबट्या अडकतो. गावठी बॉम्ब ठेवतात, त्यात गाईचं तोंड फुटतं. वाकडी लागलेली गोळी याच रांगेतली. जनावर चार दिवस कुजत मरतं आणि मरेपर्यंत समोर येईल त्याच्यावर जातं. ज्याला जनावराची दया आहे त्याने तर रिंगेच्या स्क्रूबद्दल सगळ्यात आधी बोललं पाहिजे.

आणि दुर्बिणीची हौस असलेल्या तरुण मंडळींना एक सांगतो. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही, छोट्या भोकातून बघायचं असतं. नेम सरावाने येतो. दुर्बीण फक्त अंधुक उजेडात नीट दाखवते, तेही घट्ट बसलेली असेल तर.

केरळने एक वाट काढली आहे. तिथे परवानाधारक नेमबाजांची यादी करून त्यांना रानडुकरांसाठी बोलावतात आणि २०२२ पासून आदेश द्यायचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे आहेत. तिथेही वाद आहेत. पण "कोण झाडणार" हे तरी ठरलेलं असतं. आपल्याकडे परवानगी शेतकऱ्याच्या हातात ठेवतात आणि सुटका करून घेतात.

म्हणून माझ्या चार मागण्या. आमदार, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, उपवनसंरक्षक, ज्यांच्यापर्यंत ही पोस्ट जाईल त्यांनी विचार करावा.

१. डुक्कर मारायची परवानगी देण्याआधी बंदुकीची नेमचाचणी. वर्षातून एकदा, पोलिसांच्या रेंजवर, पाच गोळ्या. चाचणीची काडतुसं परवान्याच्या मोजणीत धरू नका.

२. तालुक्याला परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं वर्षातून दोन दिवसांचं शिबिर. बेस, रिंगा, स्क्रू, माशी, घोडा, सगळं तपासून कागदावर नोंद. माजी सैनिकांची मदत घ्या, आमच्याकडे ते भरपूर आहेत.

३. निवडणुकीत जमा केलेल्या बंदुका वेगवेगळ्या, खोळीत ठेवा. परत देताना "पुन्हा झिरो करा" एवढी एक ओळ पावतीवर छापा.

४. जखमी होऊन पळालेल्या जनावराची खबर मिळाली की त्याच दिवशी वाडीत दवंडी आणि वनखात्याचं पथक. आमच्या बाईंना कोणी सांगितलं असतं तर त्या त्या बाजूला गवताला गेल्याच नसत्या.

चौथ्यात माझीही चूक आहे. काकांनी जखमी डुकराची खबर वनखात्याला दिली होती आणि ती त्याच संध्याकाळी माझ्याही कानावर आली होती, चहाच्या टपरीवर. "डुक्कर जखमी, पळालं" यात मला बातमी दिसली नाही. वाडीच्या ग्रुपवर दोन ओळी टाकायला किती वेळ लागला असता?

त्या बाई आता चालतात, थोड्या लंगडतात. काकांनी रायफल नवीन रिंगांवर बसवून घेतली, पण अजून झाडलेली नाही. रेंजसाठी अर्ज केलाय. विचारलं की म्हणतात, "बंदूक आसा, परवानो आसा, परवानगी आसा. नेम खंय आसा?"

अर्जाचं उत्तर आलं की इथेच कळवीन. यंदाची कापणी येतेय.